प्रबोधनाच्या कार्यक्रमासाठी साप निवडताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या क्रमाने होतं. कुणाकडे तरी एक शांत साप असतो, किंवा कुणी तो देऊ करतं, आणि मग त्याच्याभोवती कार्यक्रम रचला जातो. मग गोंगाटात डोकं वेटोळ्यात खुपसून बसलेला साप तासभर हातात धरून वक्ता सापाच्या चपळाईबद्दल बोलत राहतो. सापाला त्रास होतो आणि मुलांच्या डोक्यात भलतीच गोष्ट पक्की होते. हा क्रम सरळ करण्यासाठी हा लेख आहे. सापाची निवड चौथ्या टप्प्यावर येते. आधीचे तीन टप्पे गाळलेत तर पुढची कितीही काळजी अपुरी पडते.

टप्पा १: सांगायचं काय, ते एका वाक्यात लिहा

‘सापांविषयी जागृती’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यावरून कोणता साप हवा ते कळत नाही. वाक्य असं हवं: ‘जमिनीखाली राहणाऱ्या सापाचं शरीर त्या जगण्यासाठी कसं घडलेलं असतं.’ हे लिहिलंत की मांडूळ गटातला साप पुढे येतो. त्याची बोथट शेपटी, गुळगुळीत खवले आणि बारीक डोळे मुलांना लगेच दाखवता येतात. ‘साप हल्ला करण्याआधी इशारा देतो’ हे सांगायचं असेल तर जोरदार फूत्कार टाकणारा साप उपयोगी, पण तो पेटीत ठेवूनच दाखवायचा. ‘साप भक्ष्य आवळून कसं मारतो’ हा विषय असेल तर मध्यम आकाराचा, शांत आवळणारा साप पुरतो. त्यासाठी तीन मीटरचा अजगर लागत नाही.

विषय ‘आपल्या भागातले विषारी साप ओळखा’ किंवा ‘सर्पदंश झाल्यास काय करावं’ असा असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: जिवंत साप नेऊच नका. मोठे, स्वच्छ फोटो, प्रतिकृती आणि टाकलेली कात यांनी हा विषय जास्त चांगला शिकवता येतो. दंशावर बोलणाऱ्या माणसाच्या हातात साप असला की श्रोत्यांचं लक्ष सापावर राहतं आणि ‘बांधू नका, कापू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या’ हे कानाआड जातं.

इशारा: ज्या भागात कार्यक्रम आहे तिथल्या एखाद्या विषारी सापासारखा दिसणारा बिनविषारी साप मुलांच्या हाताजवळ नेऊ नका. मण्यार आणि कवड्या, घोणस आणि डुरक्या घोणस या जोड्या अनुभवी माणसालाही क्षणभर फसवतात. आडव्या पट्ट्यांच्या सापाला मुलानं एकदा हात लावला की त्याच्या मनात ‘पट्ट्यांचा साप चालतो’ एवढंच उरतं. विषारी कोरल स्नेक आढळतात त्या प्रदेशात त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या बिनविषारी मिल्क स्नेकबाबतही हेच लागू होतं.

टप्पा २: प्रेक्षक आणि जागा आधी पाहा

सगळ्या सरपटणाऱ्या प्राण्यांप्रमाणे सापांच्याही अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जीवाणू असू शकतात. साप पूर्ण निरोगी दिसत असला तरी हे खरं असतं. पाच वर्षांखालची मुलं, वयस्क माणसं, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना या संसर्गाचा धोका जास्त असतो. प्रेक्षकांत असे लोक असतील तर कार्यक्रम ‘फक्त पाहण्याचा’ ठेवा. मग निवडही बदलते, कारण स्पर्शासाठी शांत असणं आणि काचेमागे मोकळेपणाने वावरणं हे दोन वेगळे गुण आहेत.

जागेबद्दल संयोजकांना पुढचे प्रश्न विचारा. उत्तरं फोनवर न घेता लेखी घ्या.

- साबण आणि वाहतं पाणी किती अंतरावर आहे? हात निर्जंतुक करणारं जेल साबणाची जागा घेत नाही.
- त्याच खोलीत खाणंपिणं होणार आहे का? असेल तर वेळ किंवा जागा बदला.
- ध्वनिक्षेपक कुठे आहेत? सापाला बाहेरचा कान नसतो, पण कमी पट्टीचे आवाज आणि जमिनीतून येणारा कंप त्याला चांगले जाणवतात. मंचाखाली ठेवलेला मोठा ध्वनिक्षेपक म्हणजे सापासाठी सततचा धोक्याचा इशारा.
- बाहेर उन्हात, की आत? वातानुकूलन बंद करता येतं का?
- दार बंद होतं का, आणि साप हातातून सुटला तर तो घुसू शकेल अशा फटी, नळाची तोंडं, जड कपाटं कुठे आहेत?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. सुटलेला बारीक साप मंचाच्या फळ्यांखाली गेला तर दिवसभर सापडत नाही.

टप्पा ३: कायदा आणि कागदपत्रं

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण निवडीची यादी निम्म्यावर इथेच येते. कोणता साप बाळगता येतो, आणि बाळगता येत असला तरी लोकांपुढे दाखवता येतो का, हे देशागणिक बदलतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने स्थानिक सापांना संरक्षण दिलं आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय साप पकडून दाखवणं हा गुन्हा ठरतो, आणि ‘पकडला, दाखवला, तासाभरात सोडला’ हा बचाव होत नाही. न्यूझीलंडमध्ये साप आणायलाच बंदी आहे, प्राणिसंग्रहालयांनाही. अमेरिकेत २०१२ आणि २०१५ साली काही मोठे अजगर आणि अॅनाकोंडा घातक परकीय प्रजातींच्या केंद्रीय यादीत टाकले गेले. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत सगळे अजगर आणि बोआ (भक्ष्य आवळून मारणाऱ्या सापांचा आणखी एक गट) येतात, म्हणून त्यांच्या मूळ ठिकाणाचे कागद मागायलाच हवेत.

तपासणी: बाळगण्याचा परवाना आणि प्रदर्शनाचा परवाना हे वेगळे असू शकतात. दोन्ही आहेत का? सापाच्या जन्माचा किंवा खरेदीचा पुरावा आहे का? स्थानिक प्रशासनाला किंवा विमा कंपनीला कळवणं आवश्यक आहे का? यातलं एक जरी उत्तर ‘बघू’ असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: जात ठरवा

आधी नकाराची यादी करा.

विषारी साप हातात धरून दाखवायचे नाहीत. दात काढलेला किंवा विषग्रंथी काढलेला साप तर अजिबात नको. विषदंत पडले की मागचे राखीव दात त्यांची जागा घेतात, ग्रंथीवरची शस्त्रक्रिया क्रूर आहे, आणि त्यानंतरही विष तयार होत असल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे प्राण्याला इजा होते आणि माणूस निर्धास्त होतो, आणि यातली दुसरी गोष्ट जास्त जीवघेणी आहे.

मागच्या बाजूला विषदंत असलेले निमविषारी साप स्पर्शाच्या कार्यक्रमातून वगळा. हॉगनोज स्नेक दिसायला गमतीदार, मेल्याचं सोंग घेण्यासाठी प्रसिद्ध, आणि सहसा चावत नाही. पण चावून धरून राहिला तर काहींना चांगलीच सूज येते. शिवाय मेल्याचं सोंग हा भीतीचा शेवटचा उपाय असतो. टाळ्यांसाठी तो पुन्हा पुन्हा घडवून आणणं म्हणजे सापाला पुन्हा पुन्हा मरणाची भीती घालणं.

ग्रीन ट्री पायथन फांदीवर गुंडाळून बसलेला अतिशय सुंदर दिसतो. त्याला फांदीवरच राहू द्या, कारण हाताळणी त्याला मानवत नाही आणि लांब दातांचा चावा खोल जातो. गार्टर स्नेक चपळ असतात आणि घाबरले की दुर्गंधी स्राव अंगावर उडवतात. काचेमागे ते छान, हातात नकोत. रेटिक्युलेटेड पायथन किंवा बर्मीज पायथन यांसारखे महाकाय अजगर नवख्या चमूनं घेऊच नयेत. साधारण अडीच मीटरपेक्षा लांब आवळणारा साप एकट्यानं हाताळायचा नाही, हा नियम जगभर अनुभवी लोक पाळतात. त्यापुढे लांबीनुसार माणसं वाढवावी लागतात.

आता होकाराची यादी, प्रत्येकाच्या अडचणींसह.

कॉर्न स्नेक ही बहुतेकांची पहिली पसंती आहे आणि ती योग्यच आहे. लांबी साधारण एक ते दीड मीटर, स्वभाव सहसा सौम्य, खाण्याची कुरकुर नाही, आणि सतत हळूहळू फिरत राहतो, त्यामुळे ‘साप पायांशिवाय कसा चालतो’ हे सहज दाखवता येतं. अडचण एवढीच की तो एका जागी थांबत नाही, म्हणून धरणाऱ्याचं लक्ष क्षणभरही हटता कामा नये.

बॉल पायथन भरीव, संथ आणि हाताला सुखद असतो. पण तो घाबरला की चेंडूसारखा गुंडाळून डोकं आत घेतो, आणि नवखे लोक त्यालाच शांतपणा समजतात. कार्यक्रमभर गुंडाळलेला बॉल पायथन शांत नसून घाबरलेला असतो. ही जात महिनोन्महिने खाणं सोडण्याबद्दलही ओळखली जाते, आणि प्रवासाच्या ताणानं हे वाढतं. रंगांच्या मोहात ‘स्पायडर’ हा प्रकार घेऊ नका. त्या जनुकासोबत डोकं डुगडुगण्याचा, तोल जाण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो.

रोझी बोआ आणि केनियन सँड बोआ छोट्या गटांसाठी फार चांगले. दोन्ही लहान, जाड आणि संथ असतात. सँड बोआला मात्र मातीत राहायचं असतं. त्याला वाळूच्या उथळ पेटीत दाखवा, म्हणजे तो आपणहून पुरून घेतो आणि तुमचं निम्मं व्याख्यान तोच देतो.

किंग स्नेक दुसरे साप खातात, आणि हेच त्यांचं सांगण्याजोगं वैशिष्ट्य आहे. त्यांची भूक दांडगी असते, त्यामुळे उंदराचा वास असलेली बोटं त्यांना भक्ष्य वाटतात. दुसऱ्या सापासोबत एका पेटीत ते कधीच ठेवायचे नाहीत, प्रवासातही नाही.

बुल स्नेक आणि गोफर स्नेक यांच्या श्वासनलिकेच्या तोंडाशी एक पातळ उभा पडदा असतो, त्यामुळे फूत्कार फार मोठा होतो. मोठ्या सभागृहात दुरून दाखवायला उत्तम, पण प्रत्येकाचा स्वभाव इतका वेगळा असतो की जातीच्या नावावर विसंबून चालत नाही.

इशारा: सापाचं आयुष्य विसरू नका. कॉर्न स्नेक नीट ठेवल्यास १५ ते २० वर्षं आणि बॉल पायथन ३० वर्षांपर्यंत सहज जगतो. कार्यक्रम बंद पडला तर तो कुठे जाणार, हे आज लिहून ठेवा.

टप्पा ५: त्या जातीतला नेमका साप पारखा

जात बरोबर आणि साप चुकीचा, ही चूक सगळ्यात जास्त होते. एकाच वीणीतल्या दोन भावंडांचे स्वभाव पूर्ण वेगळे निघतात.

जंगलातून पकडलेला साप घेऊ नका. त्याच्या पोटात परजीवी असतात, माणूस त्याला शत्रू वाटतो, आणि तुमच्या व्याख्यानातल्या संवर्धनाच्या शब्दांना अर्थ उरत नाही. बंदिस्त प्रजननातला, शक्यतो किमान दीड-दोन वर्षांचा साप पाहा. पिल्लं घाबरट असतात आणि मोठेपणी कशी निघतील ते सांगता येत नाही.

देणाऱ्यासमोर हे स्वतः तपासा:

- साप उचलल्यावर अंगात जोर हवा. लोंबकळणारा साप आजारी असू शकतो.
- पाठीचा कणा उठून दिसतो का? दिसत असेल तर उपासमार किंवा आजार. शेपटीच्या वर चरबीच्या गुठळ्या असतील तर अतिखाणं.
- नाकपुड्या कोरड्या, तोंड नीट मिटलेलं. श्वासाला घरघर किंवा तोंडाशी बुडबुडे म्हणजे श्वसनाचा संसर्ग.
- डोळ्यांवर जुन्या कातीचा पापुद्रा अडकला आहे का?
- हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला, पाण्याच्या भांड्यात काळे बारीक ठिपके? ते माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक परजीवी आहेत. एकाच सापावर दिसले तरी त्या घरातले सगळेच संशयित.
- डोकं विनाकारण आकाशाकडे वळवणारा, पालथा केल्यावर सरळ न होणारा साप तिथेच सोडून या.

मग खाण्याची वही मागा. मेलेलं, गोठवून पुन्हा गरम केलेलं भक्ष्य नियमित खाणारा सापच घ्यावा. शेवटचं खाणं, शेवटची कात आणि वजन यांच्या नोंदी नसतील तर ‘फार शांत आहे हो’ या वाक्याला किंमत देऊ नका. उपाशी, अशक्त किंवा गार पडलेला सापही शांत दिसतो.

टप्पा ६: विलगीकरण

नवा साप किमान ६० दिवस, शक्यतो ९०, वेगळ्या खोलीत. वेगळी भांडी, साप उचलायचा हुक वेगळा, आणि रोजच्या कामात त्याचा नंबर शेवटी. तळाला साधा पांढरा कागद घाला, म्हणजे माइट्स आणि विष्ठेतले बदल लगेच दिसतात. विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घ्या. बोआंमध्ये काही विषाणू वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय राहतात आणि अजगरांना झपाट्यानं मारतात, म्हणून बोआ आणि अजगर कायमच वेगवेगळे ठेवलेले बरे.

या काळात एकही कार्यक्रम नाही. ‘फक्त एका शाळेपुरता’ नेलेला नवा साप सगळा संग्रह आजारी पाडू शकतो.

टप्पा ७: कसोटी, पायरीपायरीनं

इथे घाई सगळ्यात जास्त होते, आणि खरी निवडही इथेच होते. साप नव्या जागी आल्यावर निदान तीन वेळा नीट खाईपर्यंत त्याला हात लावू नका. त्यानंतर:

१. पेटी उघडल्यावर हुकानं अंगाला हलका स्पर्श करा. काही आठवड्यांत सापाला कळतं की हुक लागला म्हणजे खाणं येणार नाही. हा एकच सराव भुकेपोटी होणारे बरेच चावे टाळतो.

२. शांत खोलीत पाच मिनिटं हातावर. पुढे हळूहळू पंधरा.

३. दुसऱ्या, मग तिसऱ्या माणसाच्या हातात. एकाच माणसाकडे शांत राहणारा साप कार्यक्रमाला चालत नाही.

४. खोलीत आवाज, हालचाल, प्रकाश. टाळ्या वाजवा, खुर्ची ओढा.

५. पेटीत बसवून गाडीतून फेरी मारा, घरी आणा, आणि पुढचं खाणं नेहमीसारखं खातो का पाहा. मला ही पायरी सर्वांत बोलकी वाटते. बरेच साप हातात छान वागतात, पण परतल्यावर खाणं टाकतात. शरीरानं दिलेला तो नकार मानायला हवा.

६. चार-पाच मोठ्या, समजूतदार माणसांपुढे छोटा कार्यक्रम.

प्रत्येक वेळी लिहा: मान इंग्रजी एस आकारात ओढली का, शेपटी थरथरवली का, दुर्गंध सोडला का, श्वास जलद झाला का, अंग ताठ झालं का, जीभ पूर्ण थांबली का. शांत सापाची जीभ अधूनमधून निवांत बाहेर येत राहते आणि अंग हातावर सैल टेकलेलं असतं. एखाद्या पायरीवर दोनदा नकार आला तर एक पायरी मागे या. तिसऱ्यांदा आला तर तो साप हातातल्या कार्यक्रमासाठी नाही. काचेमागे त्याचा उपयोग होऊ शकतो.

टप्पा ८: किती साप?

एक पुरत नाही, दहा सांभाळता येत नाहीत. तीन-चार कसोटीला उतरलेले साप असले की कुणी कातीवर, कुणी नुकतंच खाल्लेला, कुणी विणीच्या काळात असला तरी काम अडत नाही. एका कार्यक्रमात दोनच न्या आणि प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. लागोपाठ दोन दिवस एकच साप नेऊ नका.

टप्पा ९: त्या दिवशीची निवड

यादीतला प्रत्येक साप त्या दिवशी योग्य असेलच असं नाही. आदल्या रात्री पाहा:

- खाऊन किमान ४८ तास झाले का? मोठं भक्ष्य असेल तर आणखी थांबा, नाहीतर तो ओकतो. ओकलेल्या सापाला दहा ते चौदा दिवस विश्रांती आणि मग छोटं भक्ष्य. तोवर कार्यक्रम नाही.
- डोळे दुधाळ निळसर झालेत का? म्हणजे कात येणार. नीट दिसत नसल्यानं साप दचकतो, आणि नवी त्वचा नाजूक असते.
- मादी गाभण आहे का? असेल तर घरीच.

साप गाठ मारलेल्या कापडी पिशवीत आणि पिशवी हवेशीर, कुलूपबंद, कडक पेटीत. पेटीवर जात आणि संपर्क क्रमांक लिहा. आतलं तापमान साधारण २४ ते २९ अंश सेल्सिअस राहू द्या. उन्हात बंद गाडीत ठेवलेला साप थोड्या वेळातच मरतो.

मंचावर स्पर्श द्यायचा असेल तर डोकं धरणाऱ्याकडे, मागचा अर्धा भाग मुलांकडे. दोन बोटं, पाठीवर, डोक्याकडून शेपटीकडे. कुणाच्याही गळ्यात साप घालू नका, फोटोसाठीही नाही. घरून ससा, पांढरा उंदीर किंवा हॅमस्टर हाताळून आलेलं मूल असेल तर आधी त्याचे हात धुऊन घ्या. धरणारा आणि बोलणारा अशी दोन वेगळी माणसं असावीत. एकच माणूस दोन्ही करतो तेव्हा त्याचं लक्ष श्रोत्यांकडे जातं आणि सापाचे इशारे निसटतात.

बिनविषारी साप चावलाच तर झटका देऊन हात ओढू नका. दात मागे वळलेले असतात, ओढल्यानं जखम फाटते आणि सापाचे दात तुटतात. तो सोडेपर्यंत थांबा किंवा तोंडावर थंड पाणी सोडा, मग जखम साबणानं धुवा. साप पेटीत परत, आणि त्या दिवसापुरता त्याचा भाग संपला.

टप्पा १०: यादीतून नाव काढणं

हा टप्पा निवडीचाच भाग आहे आणि तो जवळजवळ कुणीच लिहून ठेवत नाही. दर तीन महिन्यांनी वही उघडा. कार्यक्रमानंतरची दोन खाणी सलग टाकली, वजन कमी होत चाललं, कात तुकड्या-तुकड्यांत निघू लागली, किंवा पूर्वी सैल राहणारा साप पेटी उघडताच मान ओढू लागला, तर त्याला दोन महिने सुट्टी द्या. परत आल्यावर टप्पा ७ पहिल्या पायरीपासून. तरीही तेच दिसलं तर त्याचं नाव कायमचं काढा. संयोजकांनी छापलेल्या पत्रिकेत त्याचा फोटो असला तरी.